‘असं कुणालाच होत नाही’: औषधांचे विचित्र दुष्परिणाम आणि रुग्णाचा शब्द

उनाडवारा
बाबांना पार्किन्सन्स. प्रॅमिपेक्सोल सुरू होऊन काही महिने झाले आणि ते रात्र-रात्र जागून ऑनलाइन खरेदी करायला लागले. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस! पलंगाखाली न उघडलेली खोकी, त्यात एकसारखे स्क्रू-ड्रायव्हरचे सेट. विचारलं की चिडायचे. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. “थरथरीच्या गोळीचा आणि खरेदीचा काय संबंध? असं कुणालाच होत नाही.” दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी मात्र आपणहून विचारलं: जुगार, खरेदी, खाणं, यातलं काही वाढलंय का? गोळी हळूहळू कमी केली आणि खोकी यायची थांबली.

हे औषध मेंदूत डोपामाइनची नक्कल करतं. हालचाल सुधारते, पण चटक लावणारा भागही चेतवला जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत या गटातली औषधं घेणाऱ्या १७.१ टक्के लोकांना असा एखादा अनावर नाद लागलेला दिसला. कुणालाच होत नाही कसलं, साधारण सहातल्या एकाला! आणि घरातल्या जुगाराची गोष्ट विचारल्याशिवाय डॉक्टरपुढे कोण काढेल?

माझं मत: रुग्णाने सांगितलेला त्रास कितीही विचित्र वाटो, आधी खरा धरावा. खोटा ठरवायची जबाबदारी डॉक्टरची.

त्रैराशिक
साफ असहमत. पाहणीतला अर्धाच आकडा दिलात. त्या गटातली औषधं न घेणाऱ्या पार्किन्सन्सच्या रुग्णांतही ६.९ टक्के जणांना असे नाद होतेच. त्यांच्या घरच्यांनी कुठल्या गोळीला दोष द्यायचा?

सॅमसन ही चाचणी बघा, २०२० ची. स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) त्रास होतो म्हणून ते सोडलेले ६० जण. वर्षातले चार महिने स्टॅटिन, चार महिने हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार महिने काहीच नाही, क्रम उलटसुलट. शंभरपैकी त्रासाचे सरासरी गुण: काहीच न घेता ८, खोट्या गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. म्हणजे त्रास खरा, पण गोळ्यांमुळे वाढलेल्या त्रासातला ९० टक्के वाटा नुसतं गोळी घेण्याचा. निकाल दाखवल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. तुमच्या नियमाने ते कायमचं बंद राहिलं असतं. मग हार्ट अटॅकची जबाबदारी कुणाची?

जास्वंद
+१ त्रैराशिक. आमच्याकडे पाकिटातला कागद वाचायला बंदी आहे. सकाळी वाचला की संध्याकाळपर्यंत सगळं होतं.

खलबत्ता
औषधशास्त्र हाच माझा धंदा, त्यामुळे जरा लांबण लावतो.

त्रैराशिक, नोसिबो (त्रास होईल या नुसत्या धास्तीने होणारा त्रास) अंगदुखीला लागू पडतो. फिक्स्ड ड्रग इरप्शनला लावून दाखवा. विशिष्ट औषध घेतलं की काही तासांत गोल, लालसर-जांभळा चट्टा उठतो, जळजळतो आणि काळपट डाग ठेवून ओसरतो. तेच औषध पुन्हा घेतलं की चट्टा नेमका त्याच जागी: ओठाचा तोच कोपरा, मनगटाची तीच बाजू. को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकने होतो, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही होतो. मागच्या वेळच्या प्रतिकारपेशी तिथेच दबा धरून बसलेल्या असतात. पेशंट ‘गोळी घेतली की इथेच येतं’ म्हणतो, तेव्हा नव्वद टक्क्यांचा हिशेब कामाचा नाही.

शिवाय चाचणीत दिसलं नाही म्हणजे होतच नाही, असंही नाही. ३,००० जणांत एकदाही न दिसलेला परिणाम प्रत्यक्षात हजारात एकाला होत असू शकतो.

उनाडवारा, ‘आधी खरा धरा’ हे मात्र अति झालं. ‘आधी लिहून घ्या’ म्हणा. १९८१ पासून नॅरान्जो प्रश्नावली आहे, दहा प्रश्नांची. औषधानंतर सुरू झालं का, थांबवल्यावर ओसरलं का, पुन्हा दिल्यावर परत आलं का, दुसरं काही कारण दिसतं का, वगैरे. नऊ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, पाच ते आठ म्हणजे बहुधा. (गर्दीच्या ओपीडीत ती कोण भरतो, हा वेगळा धागा होईल.) पुन्हा देऊन बघणं मात्र सगळीकडे चालत नाही. स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी कातडी सोलवटणारी रिअ‍ॅक्शन येऊन गेली असेल, तर ते औषध पुन्हा कधीच नाही. आणि हे वाचून कुणी प्रॅमिपेक्सोल मनाने एकदम बंद करू नका. घबराट, घाम, नैराश्य असा वेगळाच त्रास मागे लागू शकतो.

उनाडवारा
लिहून घ्या, मान्य. पण थॅलिडोमाइड आठवा, गरोदर बायकांनी घेतलं आणि बाळं व्यंग घेऊन जन्मली ते औषध. डिसेंबर १९६१ मधलं ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर मॅकब्राइड यांचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातलं पत्र काही ओळींचं. ना चाचणी, ना खोट्या गोळ्या. व्यंग असलेली बाळं दिसली, आणखी कुणाला दिसली का, एवढाच प्रश्न. तेव्हा सगळे आकडे मागत बसले असते तर?

त्रैराशिक
गोष्ट अर्धीच सांगायची तुम्हाला सवय दिसते. याच मॅकब्राइडनी पुढे गरोदरपणातल्या मळमळीच्या डेबेन्डॉक्सवर तसाच आरोप केला. खटल्यांना कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती गोळी बाजारातून काढली. मॅकब्राइडनी प्रयोगातले आकडे फिरवल्याचं सिद्ध होऊन १९९३ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. तेच दोन घटक असलेली गोळी २०१३ मध्ये अमेरिकेत पुन्हा मंजूर झाली. मधली तीस वर्षं तिथल्या बायकांनी उलट्या सोसल्या, त्या कुणाच्या खात्यावर?

आता बाबांचं सांगा. गोळी कमी करताना दुसरं काही बदललं होतं का?

उनाडवारा
लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचंच दुसरं औषध, थोडं वाढवलं. आणि कार्ड आईने स्वतःकडे घेतलं.

त्रैराशिक
म्हणजे तीन गोष्टी एकदम! मग खोकी गोळीमुळे थांबली की आईमुळे? नॅरान्जोत ‘पुन्हा दिल्यावर परत आलं का’ला शून्य.

उनाडवारा
तपासून बघू की. प्रॅमिपेक्सोल पुन्हा सुरू करतो, कार्ड तुमचं द्या.