मदत हवी आहे: भावाच्या रिपोर्टात सीएलसीएन७, वहिनी मामाची मुलगी, आणि तिला अकरावा आठवडा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. दोन महिन्यांपूर्वी ओल्या फरशीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. प्लेट बसवताना ड्रिलची दोन टोकं तुटली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "हाड कसलं, दगड आहे. आतली पोकळीच सापडत नाही." पाचवीत त्याचा हात मोडला होता, नववीत पाय. मध्यंतरी एका शिबिरात हाडांची घनता तपासली, तेव्हा आकडा इतका मोठा आला की "हाडं एक नंबर" म्हणून आम्ही खूश झालो होतो. आज ते आठवलं की जीव तुटतो.

एक्स-रेत मणक्यांना वर-खाली पांढरे पट्टे आणि मध्ये फिकट, सँडविचसारखे. मग जनुकीय तपासणी केली. सीएलसीएन७ या जनुकाच्या एका प्रतीत बदल, शेरा 'बहुधा रोगकारक'. आजार ऑस्टिओपेट्रोसिस, हॅम्बुर्गच्या आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ मध्ये एक्स-रेवर दाखवला तो.

मला समजलं ते असं. हाड सतत झिजवलं जातं आणि नव्यानं भरलं जातं. झिजवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, हाडाला चिकटून त्याच्यावर आम्ल सोडतात. आम्लातला हायड्रोजन एक पंप ढकलतो आणि क्लोराइड या जनुकाचं प्रथिन पोचवतं. क्लोराइड अडलं की आम्ल तयार होत नाही. मग जुनं हाड निघत नाही, नवं वर चढत राहतं. जाड दिसतं, पण मोडतं. चुकलं असेल तर सांगा. आणि एक प्रत चांगली आहे, तर तिच्यावर काम का भागत नाही?

आता खरी काळजी. वहिनी आमच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. आईला साठीच्या आत खुब्याचा सांधा बदलावा लागला. मामांची दाढ काढली, तर जबड्याची जखम वर्ष झालं तरी वाहते आहे. हे दोन्ही आम्ही वेगवेगळं समजत होतो. रिपोर्ट आला आणि सगळं एका ओळीत येऊन बसलं. वहिनीला अकरावा आठवडा आहे. नेटवर तान्ह्या बाळांचा जीवघेणा प्रकार वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही. थोरली सात वर्षांची आहे, खेळती, धडधाकट.

आणि मी? वय ३९, एकही हाड मोडलेलं नाही, मणक्यांचा एक्स-रे स्वच्छ. मी सुटले असं समजू का? मला मुलगा आहे.

प्रतिसाद १

ताई, मी जनुकीय सल्ल्याच्या कामात आहे. तुमची समज बरोबर आहे, एकच भर घालतो. २००१ मध्ये या जनुकाचा हाडांशी संबंध उंदरांत आणि माणसांत दाखवला गेला, तेव्हा त्याला क्लोराइडची वाट समजत. पुढे कळलं की ही देवघेव आहे: दोन क्लोराइड हाडावरच्या आम्लाकडे, आणि त्या बदल्यात एक हायड्रोजन तिथून परत.

एक प्रत पुरत का नाही, तर हे प्रथिन जोडीनं काम करतं. निम्मी बिघडलेली असली तर यादृच्छिक जोड्या लागताना चारांतल्या तीन जोड्यांत निदान एक तरी बिघडलेलं येतं आणि ते जोडीदारालाही अडवतं. काही बदलांत मात्र प्रथिन तयारच होत नाही. तिथे उरलेलं निम्मं पुरतं आणि माणूस ठणठणीत राहतो.

आता घाईचं. सर्वांत आधी वहिनींची तपासणी, भावाला सापडलेल्या नेमक्या त्याच बदलासाठी. सोबत मामांची. मामांना असेल तर वहिनींना असण्याची शक्यता निम्मी. वहिनींना असेल तरच बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता, चारांत एक. दोन्ही प्रती बिघडल्या तर आजार तान्हेपणीच येऊ शकतो: रक्त कमी, डोळ्यांच्या नसा आवळल्या जातात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होतो, कारण ऑस्टिओक्लास्ट मज्जेतूनच येतात. पण या जनुकात काही बाळांच्या मेंदूवरही परिणाम होतो, आणि तो प्रत्यारोपणानं थांबत नाही. म्हणून आत्ताच, याच आठवड्यात सल्लागाराला भेटा. वहिनींना बदल सापडला तर गर्भाची तपासणी करता येते. सापडला नाही, तर दोन्हीकडून येण्याची भीती राहत नाही.

स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका. या प्रकारात बदल असूनही काहीच न दिसणारी माणसं बरीच असतात, आणि ती तो पुढे देतात. थोरलीला एक प्रत आलेली असू शकते. तिची तपासणी शांतपणे करा, तिची घाई नाही.

आणि हे भावाच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा: हाड ठिसूळ म्हणून ऑस्टिओपोरोसिसची (हाडं विरळ होण्याच्या आजाराची) औषधं कुणी दिली तर घ्यायची नाहीत. त्यांतली बहुतेक झिजवणाऱ्या पेशींनाच थांबवतात, आणि इथे त्याच आधीच अडलेल्या आहेत.

मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. काल मामांकडे गेले. त्यांना वाटलं आपल्यामुळे झालं, ताटावरून उठले. पुन्हा बसवून समजावलं. आज सकाळी मामा, वहिनी आणि मी, तिघांनीही रक्त दिलं. सल्लागारांची वेळ शुक्रवारची मिळाली.

एक विचारायचं राहिलं. भावाचीही एक दाढ किडली आहे आणि दंतवैद्य ती काढू म्हणतात.

प्रतिसाद २

दंतवैद्याला आधी रिपोर्ट दाखवा. अशा जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो, जखम भरत नाही आणि हाडात पू होतो. मामांचं तेच झालेलं दिसतं. दाढ वाचत असेल तर रूट कॅनाल करून वाचवा. काढावीच लागली तर जबड्याच्या सर्जनकडे, प्रतिजैविकं चालू ठेवून. मामांनाही त्यांनाच दाखवा, नुसत्या ड्रेसिंगवर आणखी दिवस काढू नका.