मदत हवी आहे: बोलेरो पिकअपला रोडचे टायर, २१५/७५ आर १५ मध्ये कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १.३ टनवाली बोलेरो पिकअप आहे, गाव अंबाजोगाई तालुक्यात. चारही टायर बदलायला आलेत. पुढच्या दोन्हींची नक्षी झिजून खाचेतल्या खुणेच्या बरोबरीला आली आहे. मागच्यांना अजून थोडी आहे, पण कडेला बारीक चिरा पडायला लागल्यात. पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा आता थांबायचं नाही असं घरात ठरलंय.

गाडीचं काम सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. हंगामात सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन लातूरच्या आडतीवर. बाकी वर्षभर भाजीपाला. भाजी घेऊन धाकटा भाऊ रात्री निघतो आणि केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत पहाटे छत्रपती संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केटात पोचतो. अधूनमधून धारूरचा घाटही लागतो. म्हणजे जवळपास सगळं चालणं डांबरावर आणि सिमेंटवर. मातीचा रस्ता म्हणाल तर शेतापासून डांबरीपर्यंतची पांदण तेवढी, पण ती पूर्ण काळ्या रानातून जाते.

लातूरच्या एका दुकानात तीन पर्याय दाखवले:

पहिला, याच साइजचा एसयूव्हीवाला एचटी (म्हणजे हायवेचा) टायर. स्वस्त आहे, गाडी मऊ चालेल म्हणतात. "साइज तीच आहे, बिनधास्त बसवा," असं दुकानदाराचं म्हणणं.

दुसरा, एलटी (म्हणजे हलक्या ट्रकचा) लिहिलेला ८ पीआरचा रेडियल, सरळ धारीच्या नक्षीचा. महाग.

तिसरा, २३५/७५ आर १५ चा एटी (म्हणजे रस्ता आणि माती दोन्हीसाठीचा). गाडी उंच होईल, चिखलातही चालेल म्हणे.

मला दुसरा बरा वाटतोय, पण का बरा ते नीट सांगता येत नाही. वडील विचारतात, एकाच मापाचे दोन टायर असताना जास्त पैसे कशाला घालायचे? त्यांना पटेल असं उत्तर मला द्यायचंय. भाऊ रात्रीचा एकटाच असतो आणि पाठीमागे सव्वा टन माल. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण त्याच्या जिवाला घोर नको.

अजून एक. पुढच्या डाव्या टायरवर आतून बाहेर तळहात फिरवला तर गुळगुळीत लागतो, बाहेरून आत फिरवला तर करवतीच्या दातांसारखी धार हाताला लागते. हे कशामुळं होतं? नवीन टायरलाही असंच होईल का?

लातूर रोड:
दादा, आधी जुन्या टायरच्या कडेवर साइजच्या पुढं काय आकडा आहे ते बघून टाका. दुकानातल्या एसयूव्ही टायरवरचाही टाका. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता:
बघितलं. आमच्या जुन्या टायरवर २१५/७५ आर १५ एलटीच्या पुढं १०६/१०३ आहे. दुकानातल्या एसयूव्ही टायरचा फोटो मागवला, त्यावर नुसतं १०० एस आहे.

परभणीचा टायरवाला:
मग तुमच्या वडिलांचं उत्तर त्या आकड्यातच आहे.

साइजच्या पुढचा तो आकडा म्हणजे एका टायरनं किती वजन पेलायचं त्याचा क्रमांक. १०० म्हणजे ८०० किलो. १०६ म्हणजे ९५० किलो. तिरप्या रेघेपुढचा १०३ हा एकाच बाजूला जोडीनं दोन टायर बसवतात तेव्हाचा, तो तुम्हाला लागू नाही. शेवटचं अक्षर वेगाचं असतं, त्यात एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. पिकअपला त्या अक्षराची काळजी नको, वजनाचीच करायची.

आता हिशोब करा. गाडीच्या आरसीवर पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन दिलेलं असतं, ते घ्या. समजा माल भरल्यावर मागच्या एक्सलवर १,८०० किलो आले, तर एका टायरवर ९००. एलटी टायरला ५० किलोची सवड राहते. एसयूव्हीचा टायर मात्र पहिल्या दिवसापासून १०० किलो जास्त ओढणार. खड्ड्यात आदळलं की तेवढ्यापुरतं वजन अजून वाढतं. बाहेरून दोन्ही टायर सारखेच दिसतात, रिमवरही दोन्ही बसतात, पण आतली बांधणी वेगळी.

दुसरी गोष्ट हवेची. पिकअपवाले माल भरला की मागे ६०-६५ पीएसआय हवा भरतात. ८ पीआरचा एलटी टायर त्यासाठीच बनवलेला असतो. साध्या एसयूव्ही टायरच्या कडेवर कमाल दाब वाचा, बहुतेक वेळा ४४ किंवा ५१ पीएसआय असतो. म्हणजे हवा कमी ठेवली तर वजन पेलत नाही आणि जास्त भरली तर टायरची मर्यादा ओलांडते. दोन्हीकडून अडचण. आणि ८ पीआर म्हणजे आत आठ थर असतात असं नाही, पूर्वीच्या आठ थरांच्या टायरइतकी ताकद असा त्याचा अर्थ.

कंपनीबद्दल विचाराल तर एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके या सगळ्यांकडे पिकअपचे टायर आहेत. तुमच्या भागात कोणाचा डीलर क्लेमचं (टायर खराब निघाला तर भरपाईचं) काम नीट करतो ते बघून ठरवा. मी तरी कंपनीच्या आधी आकडा बघतो.

करवतीच्या दातांबद्दल: ते टायरचं नाही, टोचं (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत त्याचं) काम आहे. पुढची चाकं सरळ न चालता किंचित तिरपी घासत जायलीत, म्हणून नक्षीतल्या प्रत्येक गट्ट्याची एक कड झिजते आणि दुसरी धारदार राहते. टाय रॉडचे एंड (स्टिअरिंगचे सांधे) आणि किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) हलवून बघा. चाळा, म्हणजे ढिलेपणा असेल तर आधी ते काम करा, मग अलाइनमेंट. तसं न करता नवे टायर टाकले तर काही महिन्यांत त्यांनाही तेच दात येतील.

माळरान:
वजनाचं पटलं. पण रोडचा टायर घेऊन पांदणीत काय करणार? काळ्या रानात पहिला मोठा पाऊस झाला की धारीचा टायर जागेवरच फिरायलाय. मी मागे एटी टाकलेत आणि खुश आहे. यांनीही पुढं धारी, मागं एटी असं करावं.

लातूर रोड:
भाऊ, तुमचं रान मुरमाड असेल. मुरमात एटी छान चालतो. काळ्या चिकट मातीत तसं होत नाही, दोन-चार फेऱ्यांत गट्ट्यांमधल्या खाचा मातीनं बुजतात आणि एटी असो की लग (मोठ्या खोल गट्ट्यांचा), सगळे सारखेच गुळगुळीत होतात. आमच्याकडं पाऊस लागला की पिकअप डांबरीवरच उभी करतो आणि ट्रॉलीनं माल तिथपर्यंत आणतो. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी वर्षभर रस्त्यावर तसला टायर घासत न्यायचा हे काही मला पटत नाही. मोकळ्या नक्षीचा टायर डांबरावर आवाज करतो, डिझेल जास्त खातो, आणि ओल्या रस्त्यावर रबर कमी टेकल्यामुळं ब्रेकला गाडी लांब जाते. यांचा भाऊ रात्रीचा बीड-गेवराई चालायलाय, त्याला ब्रेक महत्त्वाचा.

ते २३५/७५ तर नकोच. वजनाच्या आकड्यात पास होईलही, पण हिशोब बघा: २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलीमीटर, २३५/७५ चा ७३३. चार टक्क्यांहून जास्त फरक. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८३ वर असणार. भरल्या मालानं धारूरचा घाट चढताना एक गिअर खाली यावं लागेल, उतरताना ब्रेकवर ताण जास्त. शिवाय तेवढा रुंद टायर तुमच्या रिमच्या रुंदीला चालतो का तेही बघावं लागेल.

माळरान:
बरोबर, आमचं रान मुरमाडच आहे. काळ्या मातीचं तुम्ही म्हणता ते मान्य.

गोदाकाठ:
चारही एकदम घेत असाल तर उत्तमच. पण पैशाची ओढाताण झाली आणि दोनच घ्यावे लागले तर नवे मागं टाका. आपल्याकडं सगळे ड्रायव्हर नवे पुढं टाकतात, पुढचा फुटला तर स्टिअरिंग ओढेल म्हणून. टायर कंपन्या मात्र नवी जोडी मागे बसवायला सांगतात. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि मग ती सावरणं अवघड. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की परत हातात येते. अर्थात तुमचे पुढचे खुणेला टेकलेत म्हणजे १.६ मिलीमीटरवर आलेत, ते पुढंही ठेवण्यासारखे नाहीत. म्हणून चारही घ्याच.

रिमोल्डचा (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्याचा) सल्ला कोणी देईल, पुढच्या चाकाला तो अजिबात ऐकू नका. आणि एकाच एक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन (तिरप्या थरांचा जुना प्रकार) असं कधीच नको.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आरसी काढून वडिलांसमोर हिशोब मांडला. मागच्या एक्सलचा आकडा बघून ते स्वतःच म्हणाले, एसयूव्हीचा टायर नको. एलटी ८ पीआर धारीचेच चारही घ्यायचं ठरलं. टाय रॉडचे एंड उद्या गॅरेजवर दाखवतो.

दुकानात टायर हातात आल्यावर काय काय बघायचं? आणि आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढं जातो. हवा कमी ठेवावी असं इथले पंक्चरवाले सांगतात, ते खरं का?

परभणीचा टायरवाला:
हवेचं आधी सांगतो, कारण दरवर्षी उन्हाळ्यात याच गैरसमजानं टायर फुटायलेत. उन्हाळा म्हणून हवा कमी करू नका. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, कड वाकते-सरळ होते, त्यातून आतच उष्णता तयार होते. वर सव्वा टन माल आणि खाली तापलेला सिमेंटचा रस्ता. त्यात टायरचे थर सुटतात आणि मग तो फुटतो. हवा सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वेगवेगळं दिलंय. चालून आल्यावर गरम टायरची हवा वाढलेली दिसणारच, ती काढायची नाही. टायर थंड झाला की दाब कमी पडतो आणि परत पहिला पाढा. नायट्रोजनच पाहिजे असं काही नाही, साधी हवा वेळच्या वेळी मोजली तरी भागतं.

दुकानात: टायर बसवायच्या आधी कडेवर डीओटी अशी इंग्रजी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. ३४२५ असेल तर २०२५ सालचा ३४ वा आठवडा. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात. बसवताना ती बाजू आत गेली तर नंतर गाडीखाली झोपून बघावं लागतं, म्हणून आधीच बघायचं. चारही टायर जवळपासच्या आठवड्यांचे मागा. वर्षभरापेक्षा जुना माल द्यायला लागले तर दुसरा मागा.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या, क्लेमला तेच लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, तेव्हा बिलात १८ च आहे ना बघा. क्लेम बनावटीतल्या दोषाचा मिळतो. दगडानं कापला, खड्ड्यात कड फुटली, तर मिळत नाही.

तुमची रिमं ट्यूबलेसची असतील तर ट्यूबलेसच घ्या. पांदणीत बाभळीचा काटा शिरला तरी हवा हळूहळू जाते. भाऊ रात्रीचा एकटा असतो म्हणालात, त्याला गाडी बाजूला घ्यायला तेवढा वेळ मिळतो. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, जुनेच ठेवायला लागले तर ऐकू नका. बॅलन्सिंग चारही चाकांचं. पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारू नका, नव्या रबराचा वरचा तुळतुळीत थर निघेपर्यंत पकड कमी असते.

लातूर रोड:
स्टेपनी विसरू नका. तिचाही डीओटी बघा. कडेला चिरा पडलेला मागचा टायर स्टेपनीला ठेवू नका. तो रात्री भरल्या गाडीलाच लागणार आहे.

धागाकर्ता:
स्टेपनी आत्ताच बघितली. गाडीसोबत आलेलीच आहे, न वापरलेली, पण २०१८ ची. म्हणजे आता पाच टायर घ्यायचे. वडिलांना सांगितलंय, हो म्हणाले.

शेवटचं विचारतो: अंबाजोगाई, रेणापूर किंवा लातूर भागात पिकअपची अलाइनमेंट नीट करून देणारं, आधी किंगपिनचा चाळा तपासणारं गॅरेज कोणाच्या माहितीत असेल तर कृपया सांगा. कारची मशीन असलेले दोघे पिकअप घेत नाही म्हणाले. टायर शनिवारी बसवायचेत, त्याआधी हे काम उरकायचंय.