मुलीच्या टाचेवर फ्लॅप : नुसते त्वचारोपण का पुरत नाही?

प्रश्न
माझ्या 7 वर्षांच्या मुलीचा पाय सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत अडकून टाचेच्या वर मागील बाजूस जखम झाली. सुरुवातीला ती किरकोळ वाटली; मात्र चौथ्या दिवशी कातडी काळी पडली आणि ती काढल्यावर आतला अ‍ॅकिलीस टेंडन (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा) उघडा पडला. मांडीची कातडी लावून भागणार नाही, पोटरीवरचा फ्लॅप (रक्तवाहिनीसह उचललेला कातडीचा तुकडा) फिरवून आणावा लागेल, असे डॉक्टरांचे मत आहे. धडधाकट पोटरीवर दुसरी जखम कशासाठी करायची? शिवाय मुलगी वाढत्या वयाची आहे. तिच्या पायाबरोबर फ्लॅपही वाढेल का?

उत्तर 1 (प्लास्टिक सर्जन)
मांडीवरून काढलेल्या पातळ कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सुरुवातीला ती जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगते आणि मग खालच्या थरातून केशवाहिन्या तिच्यात शिरतात. टेंडनवरचे नाजूक आवरण शाबूत असेल तर हे जमून जाते, परंतु ते गेले असेल तर कातडी धरत नाही, आणि धरली तरी टेंडनला चिकटून घोट्याची हालचाल अडवते. फ्लॅप आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन येतो, म्हणून तो अशा जागीही जगतो.

तुम्हाला सुचवलेला फ्लॅप बहुधा रिव्हर्स सुरल, म्हणजे पोटरीच्या मागच्या बाजूचा, खालच्या टोकाला जोडलेला ठेवून उलटा फिरवलेला, असावा. फ्रान्समधील मास्केले आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन 1992 मध्ये केले. पायातील पेरोनियल धमनीच्या शाखांवर तो जगतो, त्यामुळे त्याचा देठ (रक्तवाहिन्या असलेला, पायाला जोडलेला भाग) घोट्याच्या बाहेरील हाडाच्या वर, प्रौढांमध्ये सुमारे 5 सेंटिमीटरवर, राखतात. देठ पिळला किंवा दाबला गेला तर शिरांतले रक्त परतत नाही आणि फ्लॅप निळसर पडतो. पांढराफटक व गार पडला तर अडचण धमनीत आहे असे समजावे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता लगेच कळवावे. पोटरीच्या मागून जाणारा सुरल मज्जातंतू फ्लॅपसोबत घ्यावा लागल्यास पावलाची बाहेरची कड बधिर राहते, हे आधीच माहीत असलेले बरे.

फ्लॅप मुलासोबत वाढतो. आक्रसण्याची भीती उलट पातळ त्वचारोपणातच अधिक असते.

उत्तर 2 (एका मुलाचे वडील)
आमच्या मुलाला हाच फ्लॅप केला होता. शस्त्रक्रियेपेक्षा नंतरचे दिवस कठीण गेले, कारण झोपेत तो कुशीवर वळे आणि देठावर भार येई; अखेर पाय उंच ठेवून, टाच अधांतरी राहील अशी पट्टी बांधून घेतली. फ्लॅप जाडसर राहिल्याने बूट चढत नसे, म्हणून पुढे तो पातळ करून घेतला. पोटरीवरचा व्रण मात्र आजही ठळक दिसतो, याची मनाची तयारी ठेवा.

उत्तर 3 (अस्थिरोगतज्ज्ञ)
एक्स-रे झाला आहे का, याचा उल्लेख प्रश्नात नाही. घोट्याजवळच्या वाढीच्या कूर्चेला इजा असेल तर पाय पुढे वाकडा वाढू शकतो, आणि फ्लॅप कितीही उत्तम बसला तरी तो हा दोष झाकू शकत नाही. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून तपासणी करावी लागेल.

प्रश्नकर्ती
एक्स-रेमध्ये अस्थिभंग नाही. टाचेला स्पर्श कळेल का?

उत्तर 1
तळव्याची मूळ कातडी वाचली असल्यास तिथे कळेल. फ्लॅपवर संवेदना कमीच राहते. त्यामुळे बुटाची मागची कड जिथे घासते ती जागा रोज संध्याकाळी स्वतः पाहावी, कारण फोड आला तरी मुलगी तक्रार करणार नाही.