मदत हवी आहे: मुलीला बुरशीची ॲलर्जी, बेडरूमला ओल
नागपुरात मानेवाड्यात भाड्याच्या घरात टॉप फ्लोअरला राहतो. मुलगी ९ वर्षांची, प्रिक टेस्टमध्ये (त्वचेवर टोचून करतात ती ॲलर्जीची तपासणी) बुरशीची ॲलर्जी निघाली, पावसाळा लागला की रात्रभर शिंका अन् खोकला. औषध चालू आहे, ते विचारत नाहीये. कूलरच्या जुन्या ताट्या फेकल्या, टाकी सुकवली, कपाट भिंतीपासून सरकवलं, काळे डाग साबणाच्या पाण्यानं पुसले तरी पंधरा दिवसात परत येतात. हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र) ७८ टक्के दाखवतो, पाहिजे ५० च्या आत. घरमालक वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर करतो म्हणतात, तोवर वरून रंग मारू म्हणे, पण आत ओल असताना रंगानं काय होणार, लेकरू तर तिथंच झोपते. १२ बाय ११ च्या खोलीत एसी ड्राय मोडवर ठेवून भागेल की डिह्युमिडिफायरच (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) घ्यावा, कोणी वापरून पाहिलं असेल तर आकडा खरंच किती खाली येतो?