दुसऱ्याचे दोष मोजणारे: तुमच्या मंडळीतले (चर्चमधले) अनुभव लिहा

पऱ्हाटीवाला
रविवारी आमच्या इकडं उपासनेत बायबलातल्या मत्तयचा सातवा अध्याय घेतला. दोष काढू नका, ज्या मापानं मोजाल त्याच मापानं तुम्हाला मिळेल, तो. पाळकसाहेब बोलले छान. पण मले पुढचं ऐकूच येईना. पहिल्या बाकावर जे पंच (चर्चच्या कमिटीतले) माना डोलवत होते, त्यांनीच मागं एका पोरीचं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी, बंद केलं होतं. पोरगा-पोरगी दोघं मंडळीतलेच. दोघं मिळून पळाले, दोघं मिळून परत आले. पोरीला शेवटच्या बाकावर बसवलं आणि पोरगा त्याच नाताळात तबल्यावर! ती आता नागपूरला असते, चर्चचं नाव काढत नाही. तिची माय अजून येते, मागंच बसते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे, नाव नाही लिहीत. तुमच्याकडं असं काही?

मेळघाट_एक्सप्रेस
काय लिहू भाऊ, पोथी होईल. मावशीनं शेजारच्या लग्नात टिकली लावली तर महिला मंडळात महिनाभर तोच विषय. ज्या बाईनं काढला, तिच्या घराचं दार वास्तूवाल्याला विचारून पूर्वेला फिरवलेलं. मिस्त्री माझा दोस्त, त्यानंच सांगितलं.

संत्रा_बर्फी
😂😂 मिस्त्र्याले साऱ्याईचं माहीत असते

कुकर_लावून_आले
तबल्यावरून आठवलं. संडे स्कूलमध्ये योहानाचा आठवा अध्याय चालू होता, व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला येशूपुढं आणतात तो. मी विचारलं, बाई धरली तर माणूस कुठं गेला? टीचर म्हणाल्या, खाली बस. पुढं जुन्या करारातल्या नियमांचं लेवीय २०:१० वाचलं, तिथं दोघांनाही शिक्षा सांगितलीय. म्हणजे दगड घेऊन आलेल्यांनी नियमच अर्धा आणला होता. शिट्टी झाली, येते

जुना_करार
ताई, तो भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून बऱ्याच बायबलांत कंसात छापतात. माहिती म्हणून सांगितलं, भांडू नका.

मेळघाट_एक्सप्रेस
कंसात छापा नाहीतर चौकटीत, तबलावाला सुटलाच ना

वर्धेकर
आमचा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. मंडळीत एकाला पितो म्हणून पंचपदावरून काढलं. काढणारे दोघं पुढं त्याला जिल्ह्याच्या हद्दीबाहेरच्या ढाब्यावर भेटले. तिघं एकाच टेबलावर बसले म्हणे.

अकोल्याचा_आबा
मी थोडं उलटं लिहितो. आमच्याकडं खजिनदारानं दानाचा हिशोब दिला नाही. वार्षिक सभेत विचारलं तर उभा राहून म्हणतो, "बंधू, न्याय करू नका असं प्रभूनं सांगितलंय." सगळे चूप. बाहेर निघाल्यावर लोक माझ्याकडंच असे पाहत होते की पेटी मीच फोडली. हाच माणूस धुऱ्याचा वाद आला की तलाठ्याकडं पळतो, तिथं न्याय लागतो त्याला! अरे, अध्याय पाचव्या वचनापर्यंत तरी वाचा. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला नीट दिसेल. कुसळ काढूच नको असं कुठं आहे? योहान ७:२४ मध्ये तर यथार्थ न्याय करा असं सरळ लिहिलंय. पौलानं पत्र लिहून करिंथ गावच्या मंडळीला झापलं ते मंडळीतलं उघड पाप खपवून घेता म्हणून. आणि हिशोब विचारायला पवित्र असावं लागत नाही, बेरीज आली की झालं.

जुना_करार
पण आबा, त्याच पत्राचा, पहिलं करिंथचा, पाचवा अध्याय दाखवूनच तर पोरींना मागं बसवतात.

अकोल्याचा_आबा
ते आहेच. पण ५:११ ची यादी पूर्ण वाचत नाहीत. तिथं लोभी आहेत, निंदा करणारे आहेत. निंदा करणारे काढले तर पंच कमिटी आणि महिला मंडळ एकाच दिवशी बरखास्त.

माळकरी_पोट्टा
मी ख्रिस्ती नाही, चालते का लिहिलं? आमचा माळ घातलेला काका कांदा-लसूण खाणाऱ्याले हिणवते अन् सालदाराचे पैसे दाबून ठेवते.

संत्रा_बर्फी
चालते बापा, ये बस. काका आमच्या चर्चमधी सहज पंच होईल

कुकर_लावून_आले
आले. पऱ्हाटीवाला भाऊ, त्या पोरीच्या आईशी बोलतं का कोणी?

पऱ्हाटीवाला
बोलते ना. माही बायको तिच्याजवळच बसते आता. एका पंचानं विचारलं, वहिनी, तुमची जागा पुढं आहे ना? ती म्हणे मले पंखा इथं लागते.

संत्रा_बर्फी
तुमच्या चर्चमधला पंखा चालते??? आमच्याकडं दुरुस्तीचे पैसे गोळा झाले, पंखा तसाच

अकोल्याचा_आबा
खजिनदार कोण आहे तुमचा? आमचाच तिकडं आला की काय

मेळघाट_एक्सप्रेस
पऱ्हाटीवाला, कापूस विकला का? काय भाव तिकडं

पऱ्हाटीवाला
कायचा भाव. ओला आहे म्हणून व्यापारी कटती लावून रायले. दोन उन्हं दाखवतो अन् मग पाहू.