उपग्रहावरचा पैसा समुद्रात गेला म्हणणाऱ्यांसाठी

तांडेलाचा पोर (रत्नागिरी)

काल ‘कलमबाग’ यांनी लिहिलं की हवामानाचे उपग्रह ही शास्त्रज्ञांची हौस आहे, एवढे वर सोडूनही आंब्याच्या मोहोरावरचा पाऊस कुणाला कळला नाही, सगळा पैसा समुद्रात गेला. रात्री दोनदा वाचलं. झोप लागेना, म्हणून लिहितोय.

११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. मामा बोटीवर होता. बंदरातल्या वायरलेसच्या खोलीत आठ-दहा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यात माझी आजी. तिथला माणूस एकेका बोटीचं नाव घेऊन हाका मारत होता आणि पलीकडून फक्त खरखर येत होती. मामा तिसऱ्या दिवशी आला. शेजारच्या घरातले दोघे आले नाहीत.

तेव्हा वर २००२ चा कल्पना-१ उपग्रह होता. ढगांची चित्रं द्यायचा, पण हवेच्या थराथरातलं तापमान आणि बाष्प मोजणारं यंत्र त्यावर नव्हतं. ते २०१३ ला इन्सॅट-३डी वर आलं. मग २०१६ ला ३डीआर, १७ फेब्रुवारी २०२४ ला ३डीएस. नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेला ओशनसॅट-३ तर पाण्यावरच्या बारीक सुरकुत्यांवर रडारचा झोत टाकून वारा किती जोराचा आणि कुठल्या दिशेचा, ते काढतो. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातल्या माणसांचं हे काम. याला हौस म्हणता? तौक्ते वादळ २०२१ च्या १६ मेला आमच्यासमोरून गेलं, आमच्या बोटी १४ लाच आत होत्या. माझ्यासाठी एवढा हिशेब पुरे.

कलमबाग (देवगड)

मामा परत आले याचा आनंद आहे. त्या दोघांबद्दल वाईट वाटतं. पण तुम्ही तौक्तेचं नाव काढलंत, तर पुढचंही ऐका. आंब्याच्या विम्याची मुदत संपली १५ मेला आणि वादळ आलं १६ ला. एका दिवसाने गेलो. तयार फळ झाडाखाली पडलं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि मुदतीत पाऊस पडला तरी काय मिळतं? विम्याला आकडा धरतात तो आमच्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा, आणि ते माझ्या बागेपासून साडेसात किलोमीटरवर, सड्याखाली, एका पत्र्याच्या शेडजवळ. एप्रिलात माझ्याकडे अर्धा तास कोसळला, फळावर डाग पडले, केंद्रावर नोंद शून्य. मी स्वतः गेलो बघायला. पर्जन्यमापकाच्या तोंडात काजूचं पान कुजून बसलेलं. मी ते काढत होतो, तर राखणदार माझ्यावर ओरडला.

रोठा सुपारी (श्रीवर्धन)

कलमबाग काका, +१. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमची वाडी आडवी झाली. इशारा आला होता, हे मान्य. पण इशाऱ्याने माड धरून ठेवता येत नाहीत. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर खायचं काय, यावर कुठला शास्त्रज्ञ बोलतो?

तांडेलाचा पोर

ताई, ते शास्त्रज्ञाचं काम नाही. इशारा आला म्हणून माणसं वाचली. भरपाई मागायची तर सरकारकडे मागा. दोन्हींची खिचडी करू नका.

वाशिष्ठी (चिपळूण)

मग आमचंही ऐका. २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. मुसळधार पाऊस पडणार, एवढं सांगितलं होतं. कोकणात जुलैत मुसळधार पडणार हे सांगायला उपग्रह कशाला हवा? पाणी बाजारपेठेत किती वाजता शिरणार ते कुणी सांगितलं नाही. पहाटे दुकानाचं शटर उघडायला गेलो तर पाणी छातीला लागलं. वडलांच्या वेळच्या हिशेबाच्या वह्या होत्या, सगळ्यांचा लगदा झाला.

घाटमाथा (पुणे, मूळ गाव लांजा)

मी हवामानशास्त्र शिकलोय, म्हणून राहवत नाही. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरून ढगाचा माथा बघतो. माथा जितका थंड तितका ढग उंच आणि तितका पाऊस जास्त, असा साधारण अंदाज बांधतात. सह्याद्रीत हाच अंदाज फसतो. जुलैत दमट वारा घाटाला आपटून वर चढतो आणि बुटक्या ढगातूनच धो धो ओततो. माथा फारसा थंड नाही, म्हणून चित्रात तो साधा ढग वाटतो. २०२१ ला रडार होती मुंबईला आणि गोव्याला. इतक्या लांब आलेला झोत पृथ्वीच्या गोलाईमुळे बराच वर असतो, म्हणजे बुटका ढग त्याच्याही खालून निसटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली आहे ती हे ढग समजून घ्यायलाच.

वाशिष्ठी

म्हणजे दिसत नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं! मग तेच आम्हाला का नाही सांगितलं?

घाटमाथा

सांगायला हवं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कलमबाग, तुमची गोष्ट मात्र उलटी आहे. एप्रिल-मेचा अवकाळी पाऊस गडगडाटी, उंच ढगांचा असतो. तो उपग्रहाला चांगला दिसतो. उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका साधारण ४ बाय ४ किलोमीटरचा, आणि दर अर्ध्या तासाला नवं चित्र. केंद्रावर शून्य लागलं त्या दुपारी तुमच्या बागेवर ढग होता की नव्हता, हे त्यात बघता येतं.

कलमबाग

ठिपका चार किलोमीटरचा आणि केंद्र साडेसातवर! मग विम्याला केंद्राचाच आकडा कशाला धरतात?

तांडेलाचा पोर

काल उपग्रहाला शिव्या देत होतात, आज त्याचीच साक्ष काढताय.

कलमबाग

तोंड सांभाळून बोला. तुम्हाला डिझेलचा परतावा मिळतो, आता बोटीवर फुकट ट्रान्सपॉन्डर लागतायत. आमच्या बागेत फुकट काय लागतं ते दाखवा.

तांडेलाचा पोर

परतावा किती महिने थकतो ते बंदरावर येऊन विचारा. आणि ट्रान्सपॉन्डर आपल्याच उपग्रहांवर चालतो. वायरलेस पोचत नाही तिथे त्यावर निरोप येतो, अडचणीत असलो तर इकडूनही पाठवता येतो. फयानला तो असता तर शेजारचं घर बंद नसतं. त्याला फुकट म्हणू नका.

रोठा सुपारी

दोघंही थांबा. काका, तेवढा शब्द मागे घ्या.

कलमबाग

घेतला. उपग्रहावरचं वाक्यही मागे घेतो. विम्याबद्दल लिहिलेलं एक अक्षरही मागे घेणार नाही. घाटमाथा, ती चित्रं तक्रारीला जोडता येतील का?

घाटमाथा

ढग होता एवढं दिसेल, बागेत किती मिलिमीटर पडला ते नाही. फळांचे तारखेचे फोटो सोबत लागतील. आणि केंद्राचेही काढा, शेड किती जवळ आहे ते दिसेल असे. अडथळा जवळ असेल तर नोंदच चुकते.

कलमबाग

फळांचे आहेत. केंद्रावर उद्या सकाळी जातो, टेप घेऊन. राखणदार ओरडला तर ओरडू दे.