श्रुतलेखनात चुका, पाहून लिहिताना नाही: कानाचा संबंध असेल का?

प्राथमिक शिक्षिका, डिचोली
दुसरीतला मुलगा फळ्यावरचं बिनचूक उतरवतो. श्रुतलेखनात मात्र 'सात'चं 'हात' होतं, 'घराला', 'घरात'चं नुसतं 'घर' उरतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कान सारखे फुटायचे, असं आई सांगते. आता दुखत नाही, वाहत नाही. घरी कोंकणी बोलतात, त्यामुळे होत असेल का? एप्रिलमधली कानाची तपासणी नॉर्मल होती.

श्रवणतज्ज्ञ, म्हापसा
कोंकणीतही 'सात' आणि 'हात' वेगळेच आहेत, तेव्हा भाषेला दोष नको. पडद्यामागे पाणी साठलं असण्याची शक्यता आधी तपासा. लहान मुलांची नाक-कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दीत ती बंद पडते. दुखत नाही, ताप नाही, पण ऐकणं साधारण 20 ते 30 डेसिबलनं उतरतं. हाक ऐकू येते, म्हणून मूल 'लक्ष देत नाही' ठरतं. 'स', 'फ' हे हलके आवाज आणि शब्दाच्या शेवटचे प्रत्यय आधी बुडतात.

एप्रिलचा रिपोर्ट पावसाळ्यात धरू नका, हे पाणी चढतं-उतरतं. ऑडिओमेट्रीबरोबर (किती ऐकू येतं याची तपासणी) टिंपनोमेट्रीही (पडदा किती हलतो याची तपासणी) करून घ्या. कानात बोंडी लावून काही मिनिटांत होते, दुखत नाही. आलेख सपाट आला आणि कानात मळ किंवा पडद्याला भोक नसेल, तर पाणी आहे असं समजतात. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात ईएनटी विभाग आहे. पूर्वी कान फुटलेला असल्यानं पडदाही नीट पाहायला सांगा, आणि कानात तेल अजिबात घालू देऊ नका.

बहुतेकदा 3 महिन्यांत पाणी आपोआप ओसरतं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी ते ओसरत नाही. दोन्ही कानांत टिकलं आणि ऐकणं कमीच राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट बसवण्याचा विचार होतो. ती बारीक नळी बहुधा 6 ते 12 महिन्यांत स्वतःच गळून पडते.

विशेष शिक्षक, फोंडा
रिपोर्टची वाट न पाहता उद्याच जागा बदला. पहिली रांग, चांगला कान तुमच्याकडे, पंखा आणि खिडकी लांब. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना श्रुतलेखन घेऊच नका. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला तुमचे ओठ दिसायला हवेत. 'ऐकलंस ना?' विचारलं की मूल 'हो'च म्हणतं. 'काय सांगितलं, सांग बघू' असं विचारा.

कान मोकळा झाला तरी हुकलेले आवाज आपोआप भरून येत नाहीत. रोज 10 मिनिटं 'सात-हात', 'घरात-घराला' अशा जोड्या तोंड झाकून म्हणा, म्हणजे इथे तो ओठ न पाहता ऐकेल, आणि त्याला चित्रावर बोट ठेवायला सांगा.